नियम कानाला ऐकू आला पाहिजे: कोडमधून संगीत आणि मिनिमलिझम

प्रश्न थोडक्यात असा: "मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. थोडा तबला शिकलो आहे, घरी हार्मोनियम आहे. भूपातल्या काही बंदिशींची सरगम देऊन मार्कोव्ह साखळीवर चालणारा प्रोग्राम लिहिला. तो स्वर काढतो ते सगळे भूपातलेच असतात, पण दोन मिनिटांपलीकडे ऐकवत नाही. उलट अमेरिकन मिनिमलिस्ट मंडळी चार-पाच स्वरांवर वीस मिनिटं काढतात आणि ऐकत राहावंसं वाटतं. माझ्या अल्गोरिदममध्ये काय कमी आहे? आणि यासाठी कोणतं साधन शिकू?"

तुमच्या अल्गोरिदममध्ये कमी काही नाही. तो गरजेपेक्षा फार जास्त निर्णय घेतो, आणि त्यातला एकही ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत पोचत नाही. मिनिमलिस्ट संगीतात निर्णय मोजके असतात, पण ते सगळे ऐकू येतात.

मार्कोव्ह साखळी काय करते? आत्ता ग वर आहोत, तर पुढे रे किती वेळा आला होता आणि प किती वेळा, हे बघून फासा टाकते. पुढच्या स्वराला पुन्हा फासा. आपण कुठून निघालो, कुठे पोचायचंय, मघाशी काय म्हटलं होतं, यातलं तिला काही ठाऊक नसतं. त्यामुळे ऐकणाऱ्यालाही अंदाज बांधायला काही मिळत नाही. संगीतात अंदाज खरा ठरला तरी मजा येते आणि चुकला तरी येते, पण आधी तो बांधता तर आला पाहिजे. ही युक्ती नवीही नाही. लेजारेन हिलर आणि लेनर्ड आयझॅक्सन यांनी इलिनॉय विद्यापीठातल्या इलियाक संगणकाकडून १९५७ सालापर्यंत चार भागांची एक स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांसाठीची रचना) तयार करून घेतली, तिच्या चौथ्या भागात मार्कोव्ह साखळ्याच आहेत. इतिहास म्हणून ती जरूर ऐका. तुम्हाला जे खटकतंय तेच तिथेही जाणवेल.

आता एक प्रयोग करा. सा रे ग प हे चारच स्वर घ्या. प्रत्येक स्वर एकदाच वापरून त्यांचे २४ क्रम होतात. प्रोग्रामला ते आधी पिसून, रँडम क्रमाने वाजवायला लावा. मग तेच २४ मेरुखंडाच्या क्रमाने वाजवा. मेरुखंडात डावीकडचे स्वर आधी हलतात आणि शेवटचा स्वर होईल तितका वेळ जागचा हलत नाही. तीन स्वरांवर तो क्रम असा होतो: सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. प्रत्येकाचा शेवटचा स्वर बघा: ग ग, रे रे, सा सा. चार स्वर घेतले की पहिले सहा क्रम प वर संपतात, पुढचे सहा ग वर, मग सहा रे वर आणि शेवटचे सहा सा वर. वरती स्वर भराभर उलटसुलट होत असतात आणि खालून प-ग-रे-सा हा उतार अगदी सावकाश येत असतो. मात्रेला एक स्वर धरलात तर एकूण ९६ मात्रा होतात, म्हणजे तीनतालाची बरोबर सहा आवर्तनं.

पिसलेल्या यादीत आणि या यादीत एकाही स्वराचा फरक नाही. संख्या तीच, स्वर तेच, लय तीच. तरी पहिली यादी विसाव्या क्रमालाही पहिल्या क्रमाइतकीच परकी वाटते, आणि दुसऱ्या यादीत तिसऱ्या-चौथ्या क्रमापासून कान पुढे धावायला लागतो. आता ग वरून रे वर जाणार, आता सा येणार. (हा भूप नव्हे, भूपाचे चार स्वर आहेत. त्याबद्दल पुढे बोलतो.)

हा क्रम आपल्याकडे फार जुना आहे. १३व्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' ग्रंथात स्वरांचा प्रस्तार, म्हणजे सगळे क्रम ओळीने मांडण्याची रीत, सविस्तर दिला आहे. सात स्वर एकेकदा वापरले तर ५०४० क्रम होतात. त्यातला अमुक क्रमांकाचा क्रम कोणता, आणि एखादा क्रम दिला तर तो यादीत कितवा, ही दोन्ही उत्तरं सगळी यादी न लिहिता खंडमेरूच्या कोष्टकावरून कशी काढायची तेही तिथे आहे. पहिल्याला नष्ट म्हणतात, दुसऱ्याला उद्दिष्ट. तुमच्या भाषेत सांगायचं तर इंडेक्सवरून क्रम आणि क्रमावरून इंडेक्स. शार्ङ्गदेव राजाच्या हिशेबखात्यावरचा अधिकारी होता, ही गोष्ट मला फार आवडते. पुढे भेंडीबाजार घराण्याने आणि उस्ताद अमीर खाँसाहेबांनी मेरुखंड गाण्यात आणलं, पण गवई यादी वाचत नाही, तिच्यातून निवडतो. नियमाची प्रक्रिया उघड ऐकवणाऱ्या संगीतात मात्र यादीचा क्रम हाच ऐकण्याचा विषय असतो.

अमेरिकन मिनिमलिस्ट रचनाकार स्टीव्ह राइशने हाच मुद्दा १९६८ साली एका छोट्या निबंधात मांडला. संगीतरचना करताना वापरलेली प्रक्रिया आणि प्रत्यक्ष ऐकू येणारं संगीत या दोन वेगळ्या गोष्टी असू नयेत, प्रक्रिया घडताना ऐकू आली पाहिजे आणि त्यासाठी ती हळूहळू घडली पाहिजे, असं त्याचं म्हणणं. अमेरिकन रचनाकार जॉन केजही नियमाने, नाणी उडवून रचना करत होता, पण ती नाणी मैफलीत बसलेल्याला ऐकू येत नाहीत, हा राइशचा आक्षेप. तुमच्या मार्कोव्ह साखळीला तो जसाच्या तसा लागू पडतो.

राइशची सुरुवात टेपपासून झाली. सान फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमध्ये एका रस्त्यावरच्या प्रवचनकाराचं रेकॉर्डिंग त्याने केलं होतं. त्यातल्या एकाच वाक्याचे दोन सारखे लूप दोन यंत्रांवर लावले. यंत्रांचा वेग किंचित वेगळा, म्हणून एक लूप दुसऱ्याच्या पुढे सरकत गेला. १९६५ सालची ही रचना. अल्गोरिदम एका ओळीत मावेल एवढा, पण तो चालू आहे हे कोणालाही ऐकू येतं.

आता १९७२ सालच्या 'क्लॅपिंग म्युझिक'कडे जरा जवळून बघू, कारण तबला शिकलेल्या माणसाला शिकण्यासारखं यात खूप आहे. दोन माणसं, फक्त टाळ्या. बारा जागांचं आवर्तन: तीन टाळ्या, एक खाली, दोन टाळ्या, एक खाली, एक टाळी, एक खाली, दोन टाळ्या, एक खाली. म्हणजे आठ टाळ्या, चार रिकाम्या जागा. पहिला वादक शेवटपर्यंत हेच वाजवतो. दुसरा काही आवर्तनं त्याच्याबरोबर वाजवतो आणि मग एक जागा सरकतो. कोडमध्ये याचा अर्थ यादीतला पहिला घटक काढून शेवटी टाकायचा, एवढाच. पुन्हा काही आवर्तनं, पुन्हा एक जागा. बारा वेळा सरकल्यावर दोघं पुन्हा एकत्र येतात आणि रचना संपते.

प्रत्येक टप्प्यावर दोघांच्या किती टाळ्या एकाच वेळी पडतात ते मोजा. सुरुवातीला अर्थातच आठ. मग ४, ५, ६, ५, ६, ४, ६, ५, ६, ५, ४ आणि शेवटी पुन्हा ८. हे आकडे नीट बघितले की रचना का चालते ते कळतं. पहिल्याच सरकण्याला आठावरून एकदम चारावर. बारा जागांत आठ-आठ टाळ्या असताना चारापेक्षा कमी जुळणं शक्यच नाही, म्हणजे पहिलं पाऊलच सगळ्यात लांबचं. त्या टप्प्यावर बाराही जागा भरतात, एकही खाली उरत नाही, आणि कान गांगरतो. मग चार, पाच, सहाच्या मधे खेळ चालतो, मध्यावर पुन्हा एकदा चार येतात. आणि शेवटी चारावरून थेट आठावर, सगळ्यात दाट गर्दीतून एकदम दोघं एक. तबलजी ज्याला समेवर येणं म्हणतो त्याचा हा थाट आहे, फक्त तिहाईसारखी (एकच बोल तीनदा वाजवून समेवर येणं) आधी वर्दी मिळत नाही.

आता याच नियमात वेगळी सामग्री घालून बघा. दोन टाळ्या एक खाली, असं चार वेळा. हेही बारा जागांत आठ टाळ्यांचंच आवर्तन आहे. पण तीन जागा सरकलं की ते पुन्हा स्वतःसारखंच होतं. नियम तोच असूनही रचना तिसऱ्या पावलाला संपली. म्हणून माझा आग्रह असतो की नियमावर वेळ घालवण्याआधी सामग्रीवर घालवा. बारा जागांत आठ टाळ्या बसवण्याचे ४९५ प्रकार आहेत. ते सगळे संगणकाकडून काढा, प्रत्येकाची वरच्यासारखी जुळणीची माळ छापा, लवकर स्वतःवर परतणारे गाळा, सलग चारपेक्षा जास्त टाळ्या असलेले गाळा, आणि उरलेल्यांतले काही हाताने वाजवून बघा. राइशने हे संगणकावर केलं नव्हतं. १९७० साली घानात जाऊन तिथल्या ढोलवादकांकडून शिकून आलेला त्याचा कान होता. आपल्याकडे तो कान नसेल तर मोजणीची मदत घेण्यात काही गैर नाही, पण शेवटची निवड हातावर टाळी देऊनच करायची.

स्वरांकडे वळायचं तर हार्मोनियम उघडा. 'पियानो फेज' (१९६७) मधलं पहिलं आवर्तन बारा स्वरांचं आहे आणि त्यात स्वर पाचच आहेत. सरगमीत मांडलं तर मंद्र म, मंद्र प, सा, रे आणि कोमल ग. क्रम असा: म प सा रे ग प म रे सा प ग रे. नुसतं वाचलं तर यात काही सूत्र दिसत नाही. आता दोन हातांत वाटून घ्या. विषम जागांवरचे स्वर डाव्या हाताला: म सा ग, म सा ग. सम जागांवरचे उजव्या हाताला: प रे, प रे, प रे. म्हणजे एका हातात तीन स्वरांचं चक्र, दुसऱ्या हातात दोन स्वरांचं, आणि दोन्ही एकाआड एक गुंफलेले. बारा स्वरांची ती नागमोडी चाल या दोन चिमुकल्या चक्रांतून आपोआप तयार होते. हे बोटांखाली आलं की मिनिमलिस्ट रचनाकार "कमी" म्हणजे नेमकं काय कमी करतात ते समजतं. स्वर कमी करतात, सूत्रं कमी करतात, पण ती अशी निवडतात की एकमेकांत गुंतल्यावर तिसरंच काही ऐकू यावं.

मग दोन पियानो हेच आवर्तन एकत्र वाजवतात, आणि दुसरा वादक हळूच लय वाढवत बरोबर एक स्वर पुढे जाऊन पुन्हा स्थिरावतो. इथे प्रोग्रामर मंडळी हमखास एक गोष्ट करतात: दोन लूप लावून एकाचा वेग एक टक्क्याने वाढवतात आणि सोडून देतात. त्या हिशेबाने एक स्वर सरकायला आठ-साडेआठ आवर्तनं लागतात आणि शंभर आवर्तनांत पूर्ण फेरी होते. गणित बरोबर आहे, पण त्यात कुठेच थांबा नाही. राइशच्या रचनेत वादक स्थिरावतो आणि काही आवर्तनं दोघं तिथेच राहतात. त्या थांब्यात कान दोन पियानोंच्या स्वरांतून नव्या चाली जुळवतो, ज्या दोघांपैकी कोणीच वाजवत नसतो. कधी खालच्या म-प ची एक चाल वर येते, कधी वरच्या रे-ग ची. सरकणं आणि थांबणं असे दोन वेगळे टप्पे लिहा. थांबा किती आवर्तनांचा, हा खरा रचनेचा निर्णय आहे आणि तो ऐकूनच घ्यावा लागतो.

याच ठिकाणी आवाजाबद्दल एक गोष्ट, जी सहसा कोणी सांगत नाही. दोन्ही लूपना एकच आवाज द्या. एकाला पियानो आणि दुसऱ्याला बासरी दिलीत की कान दोघांना वेगळं करून ऐकतो आणि मधली तिसरी चाल जन्मालाच येत नाही. शिवाय आवाज ठोक्याचा हवा, लगेच विरणारा: पियानो, मरिंबा (लाकडी पट्ट्यांचं वाद्य), संतूर. लांबत जाणाऱ्या आवाजांत सरकणं बुडून जातं.

रँडम मग वापरायचंच नाही का? जरूर वापरा, पण जागा बदला. अमेरिकन मिनिमलिस्ट टेरी रायलीची 'इन सी' (१९६४) याचा उत्तम नमुना आहे. एका पानावर ५३ छोटे तुकडे. वादक कितीही, वाद्यं कोणतीही. प्रत्येकाने तुकडे क्रमानेच वाजवायचे, प्रत्येक तुकडा हवा तितक्या वेळा, फक्त सगळ्यांनी एकमेकांपासून दोन-तीन तुकड्यांच्या अंतरात राहायचं. वर तार स्वरावर एक सतत टकटक चालते, तिची सूचना पहिल्या प्रयोगात वाजवणाऱ्या राइशची. कोणते स्वर वाजणार हे रायलीने पक्कं ठरवलंय. कोण केव्हा पुढे जाणार, तेवढंच मोकळं सोडलंय. तुमच्या प्रोग्राममध्ये नेमकं उलटं आहे: वेळ पक्की आणि स्वर मोकळे.

म्हणून भूपाची सरगम साखळीला खायला घालण्याऐवजी स्वतः दहा-बारा वाक्यं लिहा. ग रे सा ध, सा रे ग, प ग, ध प ग रे सा अशी, पकडीतून (राग ओळखू येतो त्या स्वरवाक्यातून) निघणारी, तोंडाने म्हणून पाहिलेली. सहा लूप करा. प्रत्येक लूपने वाक्य संपलं की फासा टाकायचा, सहातली एक शक्यता पुढच्या वाक्याला जाण्याची, नाहीतर तेच वाक्य पुन्हा. आणि सगळ्यात मागच्या लूपपेक्षा दोन वाक्यांहून जास्त पुढे गेला तर थांबून राहायचं. यातला शेवटचा नियम विसरू नका, तोच सगळ्यांना एका गावात ठेवतो. रायली पुढे १९७० पासून किराना घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शागीर्द होता, आणि तरी त्याने मागे वळून 'इन सी'वर राग लादला नाही, याचा मला आदर वाटतो. राग एका वेळी एका वाक्यात जगतो. त्याचे स्वर एकमेकांवर सरकवले की पकड मोडते, आणि त्याला भूप म्हणून ऐकवणं हा भूपावर अन्याय आहे. स्वरसमूह म्हणून खुशाल वापरा, रागाचं नाव देऊ नका.

तबल्याचा धागा आणखी एक अमेरिकन मिनिमलिस्ट रचनाकार फिलिप ग्लास याच्यापाशी सापडेल. १९६०च्या दशकाच्या मध्यावर पॅरिसमध्ये तो पंडित रविशंकरांच्या एका चित्रपटसंगीताची नोटेशन पाश्चात्य वादकांसाठी करून देत होता, तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ. पाश्चात्य नोटेशनमध्ये मात्रांचे गट पाडणाऱ्या बारच्या उभ्या रेषांत बसवताना आघात चुकीच्या जागी पडत होते, त्या रेषा काढून टाकल्यावर कोडं सुटलं. लहान घटक जोडत, वाढवत लांब लय उभी करण्याची ग्लासची पद्धत तिथून पुढची. १९६८ साली त्याने 'वन प्लस वन' लिहिली: एक वादक, मायक्रोफोन जोडलेला टेबलाचा पृष्ठभाग, आणि दोनच बोटभर लयीचे घटक. ते घटक नियमित गणिती क्रमाने जोडत जायचे, इतकीच सूचना. तुम्ही ही आज रात्री तिरकिट आणि धा घेऊन करू शकता: तिरकिट धा, तिरकिट धा धा, तिरकिट धा धा धा, आणि मग परत खाली. तीनतालाच्या ठेक्यावर नको, ठेक्याशिवाय करा. ठेका चालू असला की आपला कान लगेच सम शोधतो आणि वाढणारी लय त्याला लयकारी वाटायला लागते. पाच मात्रांचा बोल तीनदा, मधे एक-एक मात्रेचा दम, म्हणजे १७ मात्रा आणि शेवटचा धा समेवर, हे तिहाईचं गणित आपल्या हाडात असतं. ते शेवटाकडे नेतं. ग्लासच्या गणिताला पोचायची घाई नसते.

आपल्याकडच्या गणितावरून थेट मिनिमलिस्ट रचना करणारा माणूस म्हणजे टॉम जॉन्सन. नारायण पंडिताच्या 'गणितकौमुदी'त (१३५६) एक गणित आहे: गाय दर वर्षी एक वासरू देते, आणि प्रत्येक वासरू चौथ्या वर्षापासून स्वतः दर वर्षी एक वासरू देऊ लागतं. वीस वर्षांनी एकूण गुरं किती? जॉन्सनने १९८९ साली यावर 'नारायणाज काउज' ही रचना केली. गायीला दीर्घ स्वर, वासराला आखूड. पहिलं वर्ष: दीर्घ, आखूड. दुसरं: दीर्घ, आखूड, आखूड. तिसऱ्यात तीन आखूड. चौथ्या वर्षी थोरलं वासरू व्यालं, म्हणजे दीर्घ, आखूड, आखूड, आखूड, दीर्घ, आखूड. कोड लिहायला बसलात की लक्षात येईल, कुठलंही वर्ष म्हणजे मागचं वर्ष आणि त्याला जोडलेलं तीन वर्षांपूर्वीचं वर्ष. सहा अधिक तीन नऊ, नऊ अधिक चार तेरा, मग १९, २८, ४१, ६०, आणि विसाव्या वर्षी मूळ गायीसकट २७४५. दोन याद्या जोडणारी एक ओळ, आणि त्यातून कधीही तंतोतंत न परतणारी, तरी सतत ओळखीची वाटणारी लय. दीर्घाला दोन मात्रा आणि आखूडाला एक धरलीत तर चौथं वर्ष ८ मात्रांचं येतं आणि पाचवं १२ मात्रांचं. पुढचं तुम्हीच मोजा. आकडे झपाट्याने फुगतात, म्हणून दहा-अकरा वर्षांवर थांबलेलं बरं.

तबला आणि संगणक एकत्र आणायचे असतील तर बोल प्रोसेसरबद्दल वाचा. १९८०च्या दशकात संगीत-अभ्यासक जेम्स किपेन लखनौला उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते, आणि बर्नार्ड बेल यांनी त्यांच्यासाठी एक प्रोग्राम लिहिला. कायद्याचे (तबल्यावरच्या ठरीव बोलरचनेचे) पलटे, म्हणजे फेरफार, कोणत्या नियमांनी होतात याचं व्याकरण संगणकाला द्यायचं, त्याने नवे पलटे काढायचे, ते उस्तादांसमोर ठेवायचे. उस्ताद म्हणणार चालेल किंवा नाही, आणि नाही म्हटलं की व्याकरण दुरुस्त. मार्कोव्ह साखळीत नसलेली गोष्ट या व्याकरणात होती: मूळ कायद्याचा सांगाडा, भरीनंतर (डग्ग्याच्या घुमाऱ्यासह) येणारी खाली (घुमाऱ्याशिवाय), कुठल्या बोलाची जागा हलवता येते आणि कुठल्याची नाही. आणि निकाल देणारा कान माणसाचा होता. (हेच बर्नार्ड बेल पुढे पुण्याच्या गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाच्या कामातही होते.) तुमच्या प्रोग्रामसाठी असा कान शोधा. तुमचे तबल्याचे गुरुजी तयार असतील तर उत्तम. प्रोग्राम कसा चालतो ते त्यांना सांगू नका, नुसतं ऐकवा आणि पुढे काय येईल असं वाटतं ते विचारा. त्यांना अंदाज बांधता आला तर नियम ऐकू येतोय.

साधनांबद्दल. सुरुवातीला कोड लिहून संगीत वाजवणारं सॉनिक पाय घ्या. सॅम एरनने बनवलेलं, फुकट, साध्या लॅपटॉपवर चालतं. त्यात लूप ही मूळ कल्पनाच आहे, आणि गोल फिरणारी यादी तयार मिळते, त्यामुळे टाळ्यांची रचना पंधरा-वीस ओळींत होते. वेळ ते स्वतः सांभाळतं, हे सर्वांत महत्त्वाचं. साध्या पायथनमध्ये स्लीप लावून लय चालवायचा प्रयत्न करू नका. प्रत्येक फेरीला काही मिलिसेकंद इकडेतिकडे होतात, आणि जिथे सगळी रचनाच दोन लूपमधल्या बारीक फरकावर उभी आहे तिथे हा गोंधळ परवडत नाही. काही इन्स्टॉल करायचं नसेल तर ब्राउझरमध्ये चालणारं स्ट्रूडल आहे. ते टायडलसायकल्स या संगीताच्या कोडिंग साधनावरून आलंय, आणि दोन्हींत वेळेचं मूळ एकक आवर्तन आहे, बीट नाही, त्यामुळे तालात विचार करणाऱ्याला ते लवकर हाताशी येतं. सुपरकोलायडर (आवाज घडवण्याची प्रोग्रामिंग भाषा) ताकदवान आहे, पण आवाज स्वतः घडवायची गरज पडेल तेव्हाच त्याच्याकडे वळा.

कामाचा क्रम मात्र मी सांगेन तसा ठेवा. आधी नुसत्या टाळ्या, एकच आवाज, स्वर अजिबात नकोत. ४९५ प्रकारांची चाळणी आणि त्यातून तुमचं स्वतःचं एक आवर्तन. मग म-सा-ग आणि प-रे सारखी दोन छोटी चक्रं स्वतः निवडून, थांब्यांसकट सरकवणं. त्यानंतर एस्टोनियाचा रचनाकार आर्व्हो पेर्ट याची १९७७ सालची, इंग्लिश रचनाकार बेंजामिन ब्रिटनच्या स्मरणार्थ लिहिलेली रचना ऐकून तिचा नियम कोडमध्ये उतरवा: एकच उतरणारं सप्तक, दर फेरीला एक स्वर वाढवत, सां, सां नी, सां नी ध असं, आणि वाद्यवृंदाचा प्रत्येक गट आधीच्या गटाच्या निम्म्या लयीत. आसावरी थाटाचे स्वर लावा, जमेल. आणि या सगळ्यानंतर, वाटलं तर, भूपाच्या वाक्यांचे सहा लूप. मार्कोव्हचा प्रोग्राम टाकून देऊ नका. वाक्य बदलायला किती वेळ थांबायचं हे ठरवण्याच्या कामाला तो लावता येईल.